वाघाच्या गाडीतला गुरू

युआन राजवटीत, चौदाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास चीनमधल्या जिंगदेझेनच्या भट्टीतून निघालेला हा घट उंचीला २७.५ सेंटिमीटर आणि रुंदीला ३३. गळ्यावर लाटा, खांद्यावर पिओनीची वेल, तळाशी कमळपाकळ्यांची रांग. आणि मधल्या फुगीर पट्ट्यावर गोष्ट.

गोष्ट छी आणि येन या राज्यांच्या युद्धातली. छीचा सेनानी सुन बिन शत्रूच्या हाती सापडतो. दूत सू दाय त्याच्या गुरूला, ग्वेइगूझीला, साकडे घालतो आणि तो वृद्ध डोंगर उतरू लागतो. चित्रकाराने लढाई रंगवलेली नाही, सुटकाही नाही. रंगवली आहे ती वाट. पुढे दोन भालाईत, गाडीत किंचित पुढे झुकलेला गुरू, त्याच्या नावाचा ध्वज घेतलेला घोडेस्वार आणि सर्वांत मागे सू दाय. गाडीला जुंपले आहेत वाघ आणि बिबट्या! ज्याने श्वापदे वश केली, त्याच्यापुढे येनच्या सैन्याची काय मातब्बरी? युद्धाचा निकाल या जोडीनेच सांगून टाकला आहे.

हे चित्र एका नजरेत मावत नाही. गुरू समोर आला की दूत आड जातो, म्हणून घटाभोवती फिरावे लागते. मधले खडक आणि पाइन वृक्ष एकेका पात्राला मोकळी जागा देतात. पूर्ण फेरी झाली की सू दायच्या पाठीमागे पुन्हा तेच भालाईत उभे! मिरवणुकीला शेवटच उरत नाही.

रंग एकच, इराणकडून आलेला कोबाल्ट. रंगवताना तो काळपट दिसतो. निळाई उमटते ती झिलईखाली, सुमारे १३०० अंशांच्या आचेत. म्हणजे हातातल्या काळ्यातून उद्याचा निळा ओळखत कुंचला चालवायचा. तरीही वाघाचे पट्टे सलग फटकाऱ्यांचे, बिबट्याचे ठिपके सुटे, गर्द. रंग दाटला तिथे लोहाचे काळसर डाग उमटले आहेत. जाणकार ते आवडीने न्याहाळतात.

२००५च्या जुलैत लंडनच्या लिलावात या घटाला दीड कोटी पौंडांहून अधिक किंमत आली, तेव्हा आशियाई कलेतला तो विक्रम ठरला. याच प्रसंगाचे चित्र १३२१ ते १३२३ या काळात छापलेल्या कथापुस्तकात आहे. तिथे सपाट पान, काळी रेघ आणि सोबतीला मजकूर. घटावर मजकूर म्हणजे ध्वजावरची दोन अक्षरे. बाकीची सगळी गोष्ट कुंचल्याने पेलली आहे.