शत्रूची रेषा कोण आखतं?

कार्ल श्मिट या जर्मन कायदेपंडिताचा सिद्धांत आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. १९३२ साली पुस्तकरूपाने आलेल्या लेखनात तो म्हणतो, नीतीत जसं चांगलं आणि वाईट, तसं राजकारणात मित्र आणि शत्रू. हा शत्रू सार्वजनिक असतो. त्याच्याविषयी मनात राग असायलाच हवा असं नाही.

आम्ही वर्गात हे शिकवत असू तेव्हा मुलांना ते चटकन पटायचं. खरं सांगायचं तर आम्हालाही पटायचं. पण भीष्मपर्व उघडून बघा. युद्धाच्या पहिल्या सकाळी युधिष्ठिर कवच उतरवून पायी शत्रुसैन्यात जातो आणि भीष्म, द्रोण, कृप, शल्य यांची अनुज्ञा मागतो. भीष्म त्याला विजयाचा आशीर्वाद देतात आणि लढतात कौरवांच्या बाजूने. श्मिट म्हणेल, यात नवल काय? माया खासगी, शत्रुत्व सार्वजनिक.

बरं, कबूल. मग नवव्या दिवसाच्या रात्री भीष्म आपल्याला कसं पाडायचं ते पांडवांना सांगतात, ते काय? शल्य हा नकुल-सहदेवांचा मामा. तो कर्णाचं सारथ्य करता करता कर्णाचाच धीर खचवतो. आणि त्या पहिल्या सकाळी धृतराष्ट्राचा मुलगा युयुत्सू सगळ्यांदेखत पांडवांकडे येतो. हे काही घरातलं गुज नव्हे. जिथे रेषा सर्वांत ठळक असायला हवी, त्या रणांगणावरच ती पुसट झालेली दिसते.

आता श्मिटकडे बघू. मे १९३३ मध्ये तो नाझी पक्षात गेला. १९३६ च्या ऑक्टोबरात त्याने कायदेशास्त्रातल्या ज्यू प्रभावाविरुद्ध परिषद भरवली. डिसेंबरात एसएसच्या साप्ताहिकाने त्यालाच संधिसाधू ठरवलं. रेषा आखणारा स्वतः रेषेवर आला. पण यात आपण समाधान मानू नये. त्याची प्राध्यापकी टिकली. ज्यांना शत्रू ठरवलं गेलं, त्यांचं सर्वस्व गेलं.

म्हणून आमचा आक्षेप असा. शत्रू असतात, हे श्मिटचं म्हणणं खोटं नाही. युधिष्ठिरही त्या सकाळी युद्ध थांबवत नाही. पण लढाईआधी तो मोठ्याने विचारतो, आमच्याकडे कुणाला यायचंय का? हा प्रश्न श्मिटच्या सिद्धांतात कुठेच बसत नाही. आपण कुणाला शत्रू म्हणतो तेव्हा तो विचारतो का, एवढं प्रत्येकाने घरी जाऊन बघावं.