पलायन : क्रियापद आणि चौकट

इंग्लंडचा दुसरा जेम्स डिसेंबर १६८८ मध्ये राज्य सोडून फ्रान्सला गेला. रोमेन द होखे (१६४५–१७०८) या डच कलावंताने या देशत्यागावर केलेली आम्लकोरीव मुद्राचित्रे बरोक शैलीतील बातमीचित्रे होत. परंतु होखे हा तिसऱ्या विल्यमच्या, म्हणजे विजेत्याच्या, पक्षाचा होता. त्यामुळे त्याच्या चित्रांकडे बातमीइतकेच युक्तिवाद म्हणूनही पाहावे लागते.

लेसिंगने ‘लाओकून’मध्ये (१७६६) चित्राच्या वाट्याला एकच क्षण दिला. त्यापूर्वीच्या होखेच्या बातमीचित्रांत मात्र गजबजलेल्या एकाच पटावर अनेक क्षण नांदतात, आणि आकृत्यांना अक्षरे देऊन खाली त्यांची सूची छापण्याचा प्रघात दिसतो. रेषा डोळ्याला भरकटू देते. सूची त्याला वळणावर आणते. अर्थनिश्चितीचा अधिकार अखेर शब्दाकडेच राहतो.

आणि येथे शब्द निर्णायक होता. ११ डिसेंबरला (तत्कालीन इंग्लिश पंचांगानुसार) निघालेल्या जेम्सला केंटच्या किनाऱ्यावर कोळ्यांनी पकडले. १६ तारखेस तो लंडनला परतला तेव्हा लोकांनी त्याचा जयजयकार केला. पुढे रॉचेस्टरला त्याच्यावरील पहारा मुद्दामच ढिला ठेवण्यात आला आणि २३ तारखेस तो निसटला. जानेवारी १६८९ मध्ये कन्व्हेन्शनच्या कॉमन्स सभागृहाने या जाण्यालाच पदत्याग मानून सिंहासन रिकामे ठरवले. ‘पळवून लावणे’ या प्रयोजकाचे असे निमूटपणे ‘पळणे’ झाले. पलायन हाच चित्रविषय निवडला की पळणारा कर्ता ठरतो. पळवणारा चौकटीबाहेर सुरक्षित राहतो.

मराठी अभ्यासकाला याच १६८९ सालातील राजारामाचे जिंजीस जाणे आठवणे साहजिक आहे. राजाराम पदच्युत नव्हता. संभाजीच्या वधानंतर राज्य टिकवण्यासाठी तो दक्षिणेस गेला, हा भेद मूलभूत आहे. तरीही केशव पंडिताचे संस्कृत ‘राजारामचरितम्’ (संपादक वा. सी. बेंद्रे, १९३१) हेदेखील पदरीच्या कवीचेच काव्य. होखेला प्रचारक म्हणून मोकळे होणाऱ्याने तीच साशंकता येथेही बाळगायला हवी. आपल्याकडे रूढ झालेला शब्द ‘जिंजीचा प्रवास’ हा आहे, आणि प्रवासाला कर्ता असतो तसे मागे राहिलेलेही असतात. जेम्सने राणीला व तान्ह्या मुलाला आपल्याआधी पुढे पाठवले होते. येसूबाई व बाल शाहू रायगडावरच राहिले आणि नोव्हेंबर १६८९ मध्ये मोगलांच्या हाती पडले. ‘प्रवास’ या शब्दात त्यांना जागा नाही.