एका ओळीत दोनच रंग

फेअर आयलची बिनबाह्यांची लोकरी बंडी पाहताना नजर आधी रंगच मोजू लागते. सहा, सात, कधी आठ. पण कुठल्याही एका ओळीवर बोट ठेवा, तिथे दोनच रंग सापडतील. शेटलंड आणि ऑर्कनी यांच्या मधल्या या चिमुकल्या बेटाच्या विणकामाची श्रीमंती या काटकसरीतून आली आहे.

फुली-गोळ्याची पट्टीच पाहा. तिच्या ओळी विषम असतात, म्हणून नेमकी एक मधली ओळ उरते. सगळ्यात झगझगीत रंग बहुधा तिथे बसतो आणि तिच्या वर-खाली बाकीचे रंग सारख्याच क्रमाने उतरत जातात. ती ओळ केवढीशी! पण लांबून आधी दिसते तीच.

प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा आठवा एडवर्ड, १९२२ साली सेंट अँड्र्यूजला असा स्वेटर घालून गोल्फ खेळला आणि या नक्षीची फॅशन झाली. राजपुत्राने पुढची बाजू मिरवली. विणणारीची परीक्षा मात्र मागे होते. त्या क्षणी न लागणारा धागा आतून मोकळा धावतो. तो ओढला तर पुढची वीण आवळते, सैल सोडला तर बोटे अडकतात. दोन धाग्यांपैकी खालून येणारा पुढे जरा उठून दिसतो, म्हणून नक्षीचा धागा कायम खालूनच घ्यायचा. मध्येच जागा बदलली, तर नक्षी उगाच फिकी पडते.

बंडी विणतात गोल, नळीसारखी. सुलट बाजू सतत समोर. काखेशी आणि गळ्याशी जादा टाक्यांची पट्टी विणत जायचे आणि शेवटी ती मधोमध चक्क कात्रीने कापायची! शेटलंडच्या लोकरीचे तंतू एकमेकांना धरून राहतात, म्हणून वीण सहजी उसवत नाही. गुळगुळीत ॲक्रिलिकवर हे धाडस करू नये.

बाहीचा अरुंद घेर विणताना हाताचा ताण बदलतो, शिवाय दोन बाह्या सारख्या उतरवायच्या असतात. बंडीत ती कटकट नाही, आणि रंग, ताण, कात्री हे तिन्ही धडे मात्र पुरे मिळतात. शिकायला स्वेटरपेक्षा बंडीच बरी. आणि कुणाची विणलेली हाती आलीच, तर आधी ती उलटी करून पाहा.