दिवे मोजले, युनिट कोण मोजणार?

पुणे-सातारा रस्त्यावरच्या शिवऱ्यासारख्या गावात ग्रामपंचायतीचं कार्बन उत्सर्जन मोजायचं असेल, तर सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर साधं आहे: लाईटबिलांच्या फाईलपासून. रस्त्यावरचे दिवे आणि पाणीपुरवठ्याची मोटर, ही दोन बिलं आधी काढा.

राज्याचं 'माझी वसुंधरा' अभियान 2 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालं. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच घटकांवर स्थानिक संस्थांना गुण मिळतात. हवामानबदलाचा विषय त्यामुळे ग्रामपंचायतीच्या दारात आला, हे श्रेय द्यायलाच हवं. माझा आक्षेप मोजमापावर आहे. एलईडी बसवले, सौर पॅनेल लावले, ही झाली कामं. उत्सर्जन किती घटलं, हा वेगळा प्रश्न.

गृहीत आकडे घेऊन हिशेब करू. 20 वॅटचे 100 एलईडी रोज 11 तास लागले, तर वर्षाला 8,030 युनिट. युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर 5.6 टन. पुढच्या वर्षी वाड्यावस्त्यांवर आणखी 50 दिवे लागले. एलईडीचं प्रमाण अजूनही 100 टक्केच, पण उत्सर्जन 8.4 टन! ते दिवे नकोत असं मी म्हणत नाही. अंधारातून घरी येणाऱ्या बाईला ते हवेतच. पण झालेली वाढ वहीत दिसली पाहिजे.

सरकारी गाड्यांचंही तेच. 1 जानेवारी 2022 पासून नव्या सरकारी गाड्या इलेक्ट्रिकच घ्यायच्या, असं राज्यानं ठरवलं. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड. जीप लिटरला 12 किलोमीटर धावली, तर किलोमीटरला 223 ग्रॅम. इलेक्ट्रिक गाडीला 100 किलोमीटरला 15 युनिट लागली, तर 105 ग्रॅम. म्हणजे निम्म्याहून कमी, पण शून्य नाही. आपल्या परिभाषेत, उत्सर्जन स्कोप 1 मधून स्कोप 2 मध्ये गेलं. गाडीच्या सायलेन्सरमधून औष्णिक केंद्राच्या चिमणीत.

म्हणून संशोधनाचा आराखडा लिहिताना तीन गोष्टी आधी पक्क्या करा: आधारवर्ष कोणतं, सीमा कुठवर, आणि एकक काय. किमान दोन वर्षांची बिलं आणि गाड्यांची लॉगबुकं हातात असल्याशिवाय 'घट झाली' हे वाक्य लिहू नका. गुण वाढले म्हणजे टन घटले, असं होत नाही. मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येतो, आणि तो यायलाच हवा.