शेअर निर्देशांकाची कारणमीमांसा आणि दिघी बंदर : एक चिकित्सा

प्रस्तावना

वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर आणि वाणिज्य शाखेच्या अध्यापनातही शेअर बाजारातील चढउताराची कारणे बहुधा तीन शीर्षकांखाली सांगितली जातात : माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे निकाल, रिझर्व्ह बँकेचे व्याजदर आणि सरकारचे ऊर्जाधोरण. ही मांडणी चुकीची नाही. मात्र ती अपुरी आहे. नफा वाढला की भाव वाढतो, व्याजदर घटला की निर्देशांक चढतो, अशी सूत्रे विद्यार्थी पाठ करतात आणि प्रत्यक्ष घटनांपुढे ती टिकत नाहीत. प्रस्तुत लेखात या मांडणीची चिकित्सा करून रायगड किनाऱ्यावरील दिघी बंदराच्या आधारे तिच्या मर्यादा स्पष्ट केल्या आहेत.

तीन कारणांची तपासणी

प्रथम तंत्रज्ञान कंपन्यांचे निकाल. १२ एप्रिल २०१३ रोजी इन्फोसिसचा शेअर एका दिवसात सुमारे २१ टक्क्यांनी कोसळला. त्या तिमाहीचा निव्वळ नफा आदल्या वर्षीच्या तिमाहीपेक्षा अधिकच होता. तथापि कंपनीने पुढील वर्षासाठी उत्पन्नवाढीचा अंदाज ६ ते १० टक्के दिला आणि नॅसकॉमने संपूर्ण उद्योगाच्या निर्यातीसाठी वर्तविलेला अंदाज १२ ते १४ टक्के होता. म्हणजेच भाव ठरला तो झालेल्या कमाईवर नव्हे, तर अपेक्षा आणि अंदाज यांतील अंतरावर.

दुसरे कारण व्याजदर. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने नियोजित बैठकीची वाट न पाहता रेपो दर ४ वरून ४.४० टक्क्यांवर नेला आणि सेन्सेक्स १,३०० अंशांहून अधिक घसरला. येथवर सूत्र खरे ठरते. परंतु फेब्रुवारी २०२३ पर्यंत हा दर ६.५० टक्के झाला आणि याच दराच्या काळात, डिसेंबर २०२३ मध्ये, सेन्सेक्सने प्रथमच ७०,००० चा टप्पा ओलांडला. उलटपक्षी ७ फेब्रुवारी २०२५ रोजी सुमारे पाच वर्षांनी पहिली दरकपात झाली, त्या दिवशी निर्देशांक घसरून बंद झाला. कपात बाजाराने आधीच गृहीत धरली होती. शिवाय निर्देशांकात बँकांचा वाटा मोठा आहे. रेपोशी जोडलेल्या कर्जांचे दर लगेच वाढतात, ठेवींचे दर मात्र सावकाश. त्यामुळे दरवाढीचा काळ बँकांच्या नफ्यास काही काळ पोषक ठरतो. व्याजदराचा परिणाम एकच नसतो. तो कोणाच्या ताळेबंदावर पडतो, यानुसार बदलतो.

तिसरे कारण ऊर्जाधोरण. २०२२ मध्ये खनिज तेल महागले, तेव्हा मुंबई हायसारख्या क्षेत्रांतून तेल काढणाऱ्या ओएनजीसीला लाभ झाला. पंपावरील दर स्थिर ठेवावे लागल्याने हिंदुस्थान पेट्रोलियमला मात्र एप्रिल-जून तिमाहीत १०,००० कोटी रुपयांहून अधिक तोटा झाला. १ जुलै २०२२ रोजी केंद्र सरकारने देशांतर्गत खनिज तेलावर आणि इंधनाच्या निर्यातीवर विशेष कर लावताच ओएनजीसी आणि रिलायन्स या दोन्ही शेअर्सचे भाव एकाच दिवशी कोसळले. डिसेंबर २०२४ मध्ये हा कर रद्द झाला. तेलाच्या किमतीतून होणारा लाभ कोणाच्या पदरात पडावा, हे धोरण ठरविते. बाजार त्या वाटणीची किंमत करतो.

दिघीचे उदाहरण

श्रीवर्धन तालुक्यातील दिघी हे गाव राजपुरी खाडीच्या काठी वसले असून जंजिरा किल्ला तेथून जवळच आहे. महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाबरोबर २००२ मध्ये ५० वर्षांचा सवलत करार होऊन येथे खाजगी बंदराची उभारणी सुरू झाली. बंदरास रेल्वेजोडणी मिळाली नाही. अशा प्रकल्पात भांडवल आरंभीच गुंतते आणि उत्पन्न अनेक वर्षांनी येते. व्याज मात्र जहाजांची वाट पाहत नाही. बाजारासाठी व्याजदर ही दोन महिन्यांनी येणारी बातमी असते. कर्जावर उभ्या राहिलेल्या बंदरासाठी तो रोज वाढणारा भार असतो. २०१८ मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि १५ फेब्रुवारी २०२१ रोजी अदानी पोर्ट्सने ७०५ कोटी रुपयांत बंदराचे संपादन पूर्ण केले.

या प्रदीर्घ पडझडीची नोंद सेन्सेक्समध्ये शोधूनही सापडणार नाही, कारण दिघी पोर्ट लिमिटेडचे शेअर्स बाजारात सूचीबद्ध नव्हते. बंदर निर्देशांकाच्या कक्षेत आले ते संपादक कंपनीमार्फत. २४ जून २०२४ रोजी अदानी पोर्ट्सचा सेन्सेक्समध्ये समावेश झाला आणि तिच्यासाठी जागा रिकामी झाली ती विप्रोची. अमळनेर येथे १९४५ मध्ये वनस्पती तेलाच्या उद्योगातून सुरू झालेली आणि पुढे संगणक क्षेत्रात गेलेली कंपनी बाहेर पडली व बंदरांची कंपनी आत आली. तंत्रज्ञानाचे निकाल निर्देशांकास किती हलवितात, हे निर्देशांकात कोण आहे यावर अवलंबून असते. कालच्या आणि आजच्या सेन्सेक्सची तुलना म्हणूनच एकाच वस्तूची तुलना नव्हे.

समारोप

वरील विवेचनावरून तीन प्रश्न अध्यापनात आणणे आवश्यक वाटते : बाजाराने आधी काय गृहीत धरले होते? परिणाम कोणाच्या ताळेबंदावर झाला? आणि निर्देशांकाबाहेर काय राहिले? यांपैकी तिसरा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक नगरांत दिघीचा समावेश झाला. किनाऱ्यावरील कुटुंबांच्या जमिनी, मासेमारी आणि रोजगार आता या निर्णयांशी जोडलेले आहेत. त्यांच्याकडे शेअर्स असोत वा नसोत. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड परिसरातील वाणिज्य पदवीधरास निर्देशांकाचा आकडा सांगता आला, परंतु आपल्या खाडीवरील बंदर का बुडाले आणि ते कोणत्या किमतीस विकले गेले हे सांगता आले नाही, तर ते शिक्षण अपुरेच म्हणावे लागेल.