पाल्कची सामुद्रधुनी व मनोऱ्याचा शिलालेख

तंजावरच्या भोसल्यांविषयीं लिहितांना आमचे लेखक सरस्वती महाल व बृहदीश्वराच्या देवळांतील मराठी शिलालेख यांपलीकडे सहसा जात नाहींत. सरबेंद्रराजपट्टणच्या किनाऱ्यावरील मनोऱ्याचा उल्लेख आलाच तर तो एका वाक्यांत येतो. आणि तें वाक्य बहुधा चुकीचें असतें. दुसऱ्या सरफोजी राजांनीं हा मनोरा वॉटर्लूच्या विजयाप्रीत्यर्थ बांधिला, असें तें वाक्य.

शिलालेखाशीं हें विधान जुळत नाहीं. लेखांत इंग्रजांचा जय व बोनापार्टचा पाडाव यांचा निर्देश असून साल १८१४ आहे. वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ ची. लेखांतील पाडाव म्हणजे एप्रिल १८१४ मधील नेपोलियनचा पहिला राज्यत्याग होय. आपल्या गणनेनें तो शके १७३६, भाव संवत्सरांतील. वॉटर्लू शके १७३७, युव संवत्सरांतील. बांधकाम १८१५ त चालू राहिलें असें धरलें, तरी दगडानें सांगितलेला प्रसंग त्यामुळें बदलत नाहीं. मागाहून झालेल्या मोठ्या लढाईचें नांव आधींच्या स्मारकास चिकटलें, इतकेंच.

स्थळाविषयींही असाच घोटाळा आहे. भोंवतीं तट व खंदक दिसतो म्हणून कोणी यास मराठ्यांचें आरमारी ठाणें म्हणतात. अभिमानास हें गोड वाटेल; परंतु १७९९ च्या तहानें तंजावर प्रांताचा कारभार कंपनीकडे गेला होता. ज्या किनाऱ्यावर राजांची सत्ता उरली नव्हती, तेथेंच त्यांनीं इंग्रजांचे मित्र म्हणून हा स्तंभ उभारिला, हें विसरतां येत नाहीं.

दुसरे कोणी यास हिंदुस्थानच्या सीमेवरील स्मारक म्हणतात. समोरचें पाणी उथळ. बंगालकडे जाणारीं मोठीं गलबतें लंकेस वळसा घालून जात. लहान होड्या मात्र सरळ पार होत. चोळांनीं हेंच पाणी ओलांडून लंका घेतली. वलंदेजांनीं १६५८ त जाफना व नागपट्टण हीं दोन्ही एकाच वर्षीं पोर्तुगीजांपासून हिसकाविलीं. इंग्रजांनीं नागपट्टण १७८१ त व जाफना १७९५ त घेतलें. सामुद्रधुनीस नांव मिळालें तेंही मद्रासचा गव्हर्नर (१७६३-६७) रॉबर्ट पाल्क याचें. तात्पर्य, १८१४ त दोन्ही तीरें एकाच सत्तेखालीं होतीं. या पाण्यांतून दोन राष्ट्रांची सीमारेषा ठरली ती १९७४ च्या करारानें. ती रेषा सरफोजींच्या काळावर लादणें म्हणजे नकाशा उलटा वाचणें होय.

शिलालेखावरून प्रसंग ठरतो. खर्च, कारागीर व जागेची निवड ठरत नाहीं. त्यासाठीं तंजावरचें मोडी दफ्तरच चाळावें लागेल. शके १७३६ व १७३७ चे इमारतखर्चाचे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं ते तिथीवार लावून प्रसिद्ध करावेत.