मराठी पुस्तकाचं संपादन कोण करतं?

गेल्या पावसाळ्यात एका अनुवादाची संहिता माझ्याकडे आली. पहिल्याच पानावर वाक्य होतं : ‘तिच्याकडे तीन भाऊ होते.’ ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, विरामचिन्हं जागच्या जागी. मुद्रितशोधकाच्या कामात खोट काढायला वाव नव्हता. पण मराठी माणूस असं बोलत नाही. पैसे आपल्याकडे असतात, गाडी आपल्याकडे असते. भाऊ आपल्याला असतात. तिला तीन भाऊ होते. हा फरक शुद्धलेखनाच्या नियमांत सापडत नाही, तो कानाला कळतो.

बावीस वर्षं मी घरी बसून संपादनाचं काम करते आहे. माझं स्पष्ट मत असं, की आज मराठीत मुद्रितशोधन तग धरून आहे आणि संपादन आटत चाललं आहे. या दोन गोष्टी एकच आहेत असं प्रकाशक समजू लागले, तिथूनच घसरण सुरू झाली.

मुद्रितशोधनाला आधार भक्कम आहे. साहित्य महामंडळाचे 1962 चे शुद्धलेखनाचे चौदा नियम, 1972 मध्ये त्यांत पडलेली चार नियमांची भर, मो. रा. वाळंबे यांची पुस्तकं, यास्मिन शेख यांची लेखन मार्गदर्शिका. अरुण फडके यांच्या लेखन-कोशाची माझी प्रत इतकी वापरली गेली आहे, की तिची बांधणी मी दोनदा करून घेतली. ‘शुद्धलेखन तुमच्या खिशात’ हे त्यांचं छोटं पुस्तक कितीतरी नव्या लेखकांना मी हातात दिलं आहे. फडके 2020 मध्ये गेले, तेव्हा हक्कानं शंका विचारावी असं एक दार बंद झालं.

संपादन मात्र कुणाच्या तरी शेजारी बसून शिकावं लागतं. गिरगावातल्या खटाववाडीत मौज प्रकाशनाच्या कचेरीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी जे केलं, त्याबद्दल लेखकांनी पुष्कळ लिहिलं आहे. कथा परत यायची ती पत्रासह. कुठला परिच्छेद सैल आहे, पात्र कुठे लेखकाच्या तोंडचं बोलतं, हे त्या पत्रात असायचं. पटवर्धन स्वतः ‘पाडस’चे अनुवादक, परक्या भाषेतली गोष्ट मराठीत रुजवताना काय करावं लागतं, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. अर्थात त्या काळाची नुसती आरती करणं मला पटत नाही. 1969 मध्ये लघुनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी मौजेच्या ‘सत्यकथा’ मासिकाच्या अंकाची होळी केली, त्यामागचा राग खरा होता. एका अभिरुचीच्या चाळणीतून सगळ्या मराठीला जावं लागत होतं. पण त्याच बंडखोरांतल्या अशोक शहाणे यांनी ‘प्रास प्रकाशना’तर्फे अरुण कोलटकरांची पुस्तकं काढली, ती अक्षर न् अक्षर निरखून. संपादनाशी त्यांचं वैर नव्हतं.

चाळणी कशी चुकते हे मी स्वतःच्या कामात पाहिलं आहे. अकोल्याकडच्या एका शिक्षिकेचं आत्मकथन माझ्याकडे आलं होतं. संवाद वऱ्हाडी, निवेदन प्रमाण मराठीत. पण मध्येच निवेदनातही ‘मले’ आणि ‘काहून’ यायचे. मी ते काढून ‘मला’ आणि ‘का’ केले, सगळीकडे एकसारखेपणा यावा म्हणून. बाईंचा फोन आला. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, “ताई, ‘का’ म्हटलं की मास्तरानं जाब विचारल्यासारखं वाटते. ‘काहून’ म्हटलं की माय जवळ घेऊन विचारते.” मग मी संहिता पुन्हा काढली. जिथे त्यांना लहानपण आठवत होतं, नेमकं तिथेच निवेदन वऱ्हाडीत जात होतं. पहिल्या वाचनात ते मला दिसायला हवं होतं. मी काढलेला प्रत्येक शब्द परत बसवला. त्यात चार दिवस गेले, आणि त्यांचे पैसे मी मागितले नाहीत.

हे चार दिवस आज कुणाकडे नाहीत. दर पानामागे ठरतो, मग त्या पानावर दोन अनुस्वार चुकलेले असोत की अख्खं प्रकरण नव्यानं रचायचं असो. दिवाळी अंकांचा मजकूर गणपतीच्या गडबडीत येतो आणि नवरात्रापर्यंत पानं छपाईला जायची असतात. 1909 च्या ‘मनोरंजन’पासून ही परंपरा आपण अभिमानानं सांगतो, पण अंकातल्या निम्म्या कथा संपादकानं एकदाच, त्याही घाईत वाचलेल्या असतात, हे वाचकाला जाणवतंच. आता तर यंत्रानं केलेले अनुवादही येऊ लागले आहेत. त्यांत शुद्धलेखनाच्या चुका जवळजवळ नसतात. ‘त्याने आपल्या हातात असलेला चहाचा कप टेबलावर ठेवला’ असं पानामागून पान निर्दोष चालतं. कप हातात नसेल तर ठेवणार कुठून? असा मजकूर ‘फक्त प्रूफ बघा’ म्हणून पाठवला जातो, तेव्हा मी नकार देते.

एक गोष्ट मात्र अलीकडे चांगली घडते आहे. ऐकायची पुस्तकं वाढली, आणि वाचणारा नट जिथे अडखळतो तिथे वाक्य वाकडं आहे, हे प्रकाशकालाही ऐकू येऊ लागलं. मी पूर्वीपासून संहिता मोठ्यानं वाचते. दुपारी, कुकर उतरवल्यावर, घर शांत असताना. शेजारच्या आजी भिंतीपलीकडून ऐकतात आणि संध्याकाळी विचारतात, त्या मुलीचं पुढे काय झालं. ज्या दिवशी त्या विचारत नाहीत, त्या दिवशी मी ते प्रकरण पुन्हा उघडते.

वाचकांना माझी एक विनंती आहे. पुढचं मराठी पुस्तक हातात घ्याल तेव्हा श्रेयाचं पान बघा. मुखपृष्ठ कुणाचं, अक्षरजुळणी कुणाची, मुद्रक कोण, हे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. संपादकाचं नाव शोधा. सापडलं नाही, तर प्रकाशकाला चार ओळींचं पत्र लिहून विचारा : हे पुस्तक कुणी संपादित केलं, आणि त्याला किती दिवस दिले होते?